उभा माणूस

पिंपळवंडीच्या मळ्यांत अलीकडे एक नवं काम निघालं होतं आणि ते खास म्हाताऱ्यांसाठी होतं. बायका वावरात खुरपायला बसल्या की बांधावर एकानं उभं राहायचं. नुसतं उभं. डाव्या हातात पत्र्याचा डबा, उजव्या हातात तो बडवायला काठी, आणि तोंड उसाकडं. बिबट्याला खाली बसलेलं माणूस बारक्या जनावरासारखं दिसतं, उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, असं जंगलखात्याची माणसं सांगून गेली होती. गेल्या साली शेजारच्या मळ्यात गवत कापायला बसलेल्या एका बाईला त्यानं उसात ओढून नेलं, तेव्हापासून हे सांगणं कुणी थट्टेवारी नेलं नाही. बिबट्यानं मान धरू नये म्हणून बायकांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आले, घरांच्या पडव्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, आणि एरवी चहापलीकडं ज्यांना कुणी हाक मारत नव्हतं अशा घरोघरच्या म्हाताऱ्यांना नोकरी लागली.

भगवंताला ही नोकरी लागली तेव्हा तो मनातून हरखला होता. पंचाहत्तरी उलटलेली. मुलगा बाळासाहेब नारायणगावच्या मार्केटला टेंपो चालवायचा, तो पहाटेच घर सोडायचा. शेती बघायची ती सून अश्विनी आणि बायको धोंडाबाई. भगवंताच्या हातातून मात्र एकेक काम निघून गेलं होतं. आधी मोटरसायकल गेली, मग विहिरीवर मोटर चालू करायला जाणं गेलं, मग डेअरीला दूध नेणंही गेलं. दर वेळी कुणीतरी मायेनं म्हणायचं, "दादा, तुमी बसा." ह्या 'बसा'चा त्याला एवढा वीट आला होता की एसटीत कुणी उठून जागा दिली तरी तो तोंड फिरवायचा. आणि आता काम असं मिळालं, की त्यात बसायचं नाही हीच अट.

पंचाईत एकच होती. नेमकं उभं राहणंच त्याला जमत नव्हतं.

चालायला लागला की तो ठीक असे. एक पाऊल दुसऱ्याला ओढून न्यायचं आणि गाडी पुढं जायची. पण एका जागी थांबला, की जरा वेळानं अंग आपलं आपण पुढं कलायला लागे. मग टाचा जोर धरत, मग मागं तोल जाई. घेरी येत नव्हती, डोळ्यांपुढं अंधारी नव्हती, काही दुखत नव्हतं. फक्त पायाखालची जमीन आता पूर्वीसारखी कळत नव्हती, चादरीवरून हात फिरवावा तशी ती मऊ-मऊ, लांबची लागायची. तरुणपणी बैलानं धडक दिली तरी पाय न सांगता मागं जाऊन रोवला जायचा. आता पाय आधी विचारायचा, जाऊ का, आणि उत्तर येईपर्यंत माणूस भिंतीला टेकलेला असायचा.

चष्म्याचं निमित्त काढून तो एकदा एकटाच डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टरनं पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. ते जमलं. मग म्हणाला, आता डोळे मिटा. भगवंतानं डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी तो डॉक्टरच्या दोन्ही हातांत होता. डॉक्टर भला माणूस होता, हसला नाही. तो म्हणाला, "बाबा, पायाचा निरोप डोक्याला पोचायला उशीर होतोय, आणि डोक्याचा हुकूम पायापर्यंत यायलाही. वयाचं आहे हे. तुम्ही डोळ्यांच्या आधारानं उभे राहता आहात. घरी चार पायांचा वॉकर घ्या, आणि एकटं कुठं उभं राहू नका."

घरी येऊन भगवंतानं सांगितलं, "डोळं चांगलं हायेत म्हनला डाक्टर."

हे खोटं होतं असंही नाही, पण सांगायचं ते त्यानं सांगितलं नाही. त्याला कारण होतं सावळाराम. सावळाराम त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबर तालमीत माती उडवलेला. तो डेअरीच्या पायरीवर एकदा कोसळला आणि तेव्हापासून पोरांनी त्याला पडवीच्या जाळीआड ठेवला होता. सगळी कामावर गेली की बाहेरून कुलूप. बिबट्याला आत येऊ द्यायचा नाही म्हणून केलेली जाळी, तिनं म्हाताऱ्याला बाहेर येऊ दिला नाही. पोरं वाईट नव्हती. जाळीआड पंखा होता, टीव्ही होता, जेवणाचा डबा होता. सावळाराम दोन्ही हातांनी गज धरून बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "किती वाजलं?" मनगटावर घड्याळ असून विचारायचा. भगवंत त्या घरावरून जायचं टाळायला लागला होता.

म्हणून त्यानं एक शक्कल लढवली. कांद्याच्या वावराचा वरचा बांध उसाला लागून होता. त्या बांधावर टोमॅटोच्या मांडवाचा एक लोखंडी अँगल तसाच रोवलेला राहिला होता. भगवंत आधी त्याला पाठ लावून उभा राहिला. बरं वाटलं, पण दोन्ही हात डब्या-काठीत अडकलेले, त्यामुळे कललं की पाठ अँगलवरून निसटायची. मग त्यानं घरातून एक फेटा आणला. आमच्याकडं लग्नाला गेलेला माणूस डोक्यावर फेटा बांधूनच परत येतो, त्यामुळं घरोघरी असे फेटे पोत्यानं पडलेले असतात. हा पुतण्याच्या, सूरजच्या लग्नातला होता, भडक गुलाबी. तो त्यानं कमरेभोवती आणि अँगलभोवती गुंडाळून पोटावर गाठ मारली आणि वरून जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडीचे दिवस होते, जाकिटाचं कुणाला नवल वाटलं नाही.

रोज सकाळी तो बायकांच्या आधी बांधावर जायचा आणि दिवस कलला की म्हणायचा, "तुमी व्हा म्होरं, मी येतो मागून." फेट्यानं बांधलेला भगवंत लांबून इतका ताठ दिसायचा, की येणारे-जाणारे म्हणत, म्हातारं अजून खणखणीत आहे. हे ऐकलं की त्याला आनंद व्हायचा आणि लगेच तो जाकिटाची चेन गळ्यापर्यंत आहे ना ते बघायचा.

अश्विनीची एक सवय होती. खाली बसण्याआधी ती बांधाकडं वळून बघायची आणि हाक द्यायची, "मामंजी, हाये ना?"

"हाये, हाये. बस तू."

मगच ती बसायची. प्रत्येक नव्या वाफ्याला हेच. त्या दोन शब्दांवर ती उसाकडं पाठ करायची, आणि भगवंताला ते रोज जड जात होतं. आपण उभे नाही, आपण बांधलेले आहोत, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. सांगावं तर जाळी. न सांगावं तर ही पोर आपल्या जिवावर खाली बसते. रात्री अंथरुणावर तो ठरवायचा, उद्या सांगून टाकू. सकाळी फेटा घेऊन बांधावर जायचा.

धोंडाबाईची गोष्ट निराळी. ती एकदा खुरपायला बसली की वाफा संपेपर्यंत उठत नसे. बसल्या बसल्याच पुढं सरकायची, कारण बसणं सोपं होतं, उठणं अवघड. उठताना आधी हात जमिनीला, मग एक गुडघा, मग दुसरा, मग "आई गं", असा तिचा क्रम होता. ती नेहमी बांधाकडचाच वाफा धरायची. तिथं हराळी जास्त, तरी तोच.

मग पलीकडच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी कोयते घेऊन सकाळपासून उसात शिरली, आणि जसा तो ऊस आडवा होत गेला तसं उसातलं जे काही होतं ते भगवंताच्या बांधालगतच्या उभ्या उसात सरकत आलं. हे सगळ्यांना कळत होतं. बाळासाहेब पहाटे निघताना म्हणालाही, "आज नीट ध्यान ठेवा, दादा." पण कांद्यात गवत माजलं होतं आणि गवत काही कुणासाठी थांबत नाही.

दुपार कलली होती. अश्विनी वावराच्या मध्यावर बसली होती, धोंडाबाई बांधाजवळ. वारा अजिबात नव्हता. आणि उसाच्या कोपऱ्यातली पाती हलली.

भगवंतानं ते पाहिलं. बगळे उठले तेही पाहिलं. पातींच्या खाली, जमिनीलगत, पिवळं डोकं बाहेर आलं आणि थांबलं, तेही त्याला लख्ख दिसलं, कारण डोळे चांगलेच होते. पण डोळ्यांना दिसलं ते हाताला कळेपर्यंत मधे एक भलीमोठी पोकळी गेली. काठी डब्यावर पडली तेव्हा बिबट्या पूर्ण बाहेर आलेला होता.

"उठा! वाघरू! उठा गं!"

अश्विनी आवाजासरशी उभी राहिली. धोंडाबाईनं हात जमिनीला टेकला, एक गुडघा उचलला आणि तो तिथंच अडकला. उसाच्या कडेला आता खाली बसलेली ती एकटीच होती. बिबट्यानं अश्विनीकडं पाहिलं, भगवंताकडं पाहिलं, आणि मग धोंडाबाईकडं पाहत राहिला.

ती भगवंतापासून हाकेच्याही अलीकडं होती. चार ढांगा टाकल्या असत्या तर त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं असतं. त्यानं ढांग टाकली आणि फेट्यानं त्याला मागं खेचलं. हातातला डबा पडला, काठी पडली. चेन खाली ओढायला बोटं लागेनात. चेन उघडली तर गाठ सुटेना. दिवसभर त्याच्या वजनानं ओढून ओढून ती सुपारीएवढी घट्ट झाली होती. त्यानं अंग पुढं टाकलं, पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या बांधावरून पाय घसरले, आणि तो फेट्यात तसाच लोंबकळत राहिला, गुडघे वाकलेले, बसल्यासारखा. तिथून त्याला बायकोचं तोंड दिसत होतं. ती उसाकडं बघत नव्हती, त्याच्याकडंच बघत होती. आयुष्यात इतकी लाज आणि इतकी भीती त्याला एकदम कधी वाटली नव्हती.

अश्विनी खुरपं उगारून, बोंबलत, वाफे तुडवीत आली. तिनं सासूच्या दंडाला धरून तिला एका हिसक्यात उभी केली आणि दोघी एकमेकींना चिकटून, हात वर करून ओरडत राहिल्या. टोळीतली माणसंही कोयते घेऊन धावत आली. बिबट्यानं हा सगळा गोंधळ बघितला, मान फिरवली आणि सावकाश उसात निघून गेला, जणू त्याला इथं काही घाईच नव्हती.

मग अश्विनी वळली. "मामंजी, जागचं हलला बी न्हाई तुमी?" असं म्हणत ती बांधावर चढली, आणि उघड्या जाकिटातून बाहेर आलेला गुलाबी फेटा तिला दिसला. आधी तिला काही उमगेना. तिनं फेटा हातात धरला, अँगलमागं जाऊन पाहिलं, परत पुढं आली. टोळीतला एक जण हसला आणि कुणी त्याच्याबरोबर हसलं नाही म्हणून गप्प झाला. अश्विनीनं खुरप्यानं फेटा कापला. भगवंत खाली बसला.

"किती दिस?" तिनं विचारलं.

भगवंत कापलेला फेटा जाकिटाखाली कोंबू लागला.

"आमी तुमच्या भरवशावर खाली बसत व्हतो, मामंजी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज साधा होता.

"मला ठाव व्हतं," धोंडाबाई मागून म्हणाली. ती अजून धापत होती. "पयल्या दिसापासनं ठाव व्हतं. फेटा पेटीतनं गेला तवाच. म्हनून तर मी ह्यो वाफा धरायची. पडलं तर उचलायला."

अश्विनीनं तिच्याकडं पाहिलं. "आन तुमाला कोन उचलनार व्हतं, आत्या?"

तिघं घरी आली. अश्विनीनं सासूला एका हातानं धरलं होतं आणि सासऱ्याला दुसऱ्या हातानं.

संध्याकाळी बाळासाहेब आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जेवला, हात धुतले आणि बापासमोर बसला.

"डाक्टर काय म्हनला व्हता, खरं सांगा."

भगवंतानं सांगितलं. निरोपाचं सांगितलं, हुकमाचं सांगितलं, डोळे मिटल्यावरचं सांगितलं.

"मग तवाच का न्हाई बोलला?"

"बोललो असतो, तर तू काय केलं असतंस?"

बाळासाहेबाची नजर पडवीच्या जाळीकडं गेली आणि त्यानं ती पटकन काढून घेतली. मग उठता उठता म्हणाला, "आई, उद्यापासनं तू पन घरीच. तुला उठता येत न्हाई, आन उसाकडंला उठता न येनारं मानूस नको."

धोंडाबाईनं पदर सारखा केला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बायकांच्या ओळीत बसून खुरपत आलेली. गावच्या साऱ्या बातम्या, सारी गाऱ्हाणी तिला वावरातच कळायची. ती एवढंच म्हणाली, "बरं." आपलं एकट्याचं झाकायला गेलो आणि हिलाही आत ओढून आणली, हे भगवंताला त्या 'बरं'मध्ये ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बाळासाहेबानं टेंपो घरीच ठेवला. चार पायांचा वॉकर आणून पडवीत ठेवला, पाण्याचा हंडा ठेवला, आणि जाळीचं दार ओढून अश्विनीनं बाहेरून कुलूप लावलं. किल्ली तिनं कमरेला खोचली. कुलूप लावताना ती दोघांकडं बघत नव्हती. डबा आणि काठी मात्र तिनं सवयीनं आतच ठेवली, की मुद्दाम, ते काही कळलं नाही.

कांद्याचं वावर पडवीच्या समोरच होतं. भगवंतानं वॉकर पायानं बाजूला सारला आणि जाळीचे गज धरून उभा राहिला. बाळासाहेब बांधावर गेला, त्याच अँगलजवळ. अश्विनी उसाकडं पाठ करून बसली.

थोडा वेळ बाळासाहेब ताठ उभा होता. मग त्यानं मोबाइल काढला. मग मान खाली गेली. मग मोबाइल बघता बघता, त्याचं त्यालाही कळलं नसेल, तो बांधावर खाली बसला. चांगले धडधाकट पाय, अख्खा दिवस उभे राहतील असे, आणि तो ते दुमडून बसला. आता वावरात दोन माणसं होती आणि दोन्ही खाली बसलेली होती.

भगवंतानं डबा उचलला आणि गजांवर दणकन आपटला. "बाळ्या, उभा राहा!"

बाळासाहेब दचकून उठला. अश्विनीही उठली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं, आणि काहीतरी असं बोलली की त्यानं तो गपचूप खिशात घातला. पण ती लगेच खाली बसली नाही. ती वळली आणि बांधाकडं नाही, घराकडं पाहू लागली.

भगवंत एव्हाना डबा टाकून पुन्हा दोन्ही हातांनी गज धरून उभा होता. त्याच्या ध्यानात आलं, की आपण इतका वेळ उभे आहोत आणि जरासुद्धा कललो नाही. ना पुढं, ना मागं. जाळीनं त्याला असा घट्ट धरला होता, की फेट्यालाही ते जमलं नव्हतं. त्याला त्या जाळीचा संताप आला, आणि त्यानं ती आणखी घट्ट धरली.

"बसा की वाईच," धोंडाबाई मागून म्हणाली. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. मग तिनं विचारलं, "किती वाजलं असतील वो?"

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. वावरातून हाक आली.

"मामंजी, हाये ना?"

"हाये," तो म्हणाला. "बस तू."

अश्विनी खाली बसली. आता ती उठेपर्यंत भगवंताला बसता येणार नव्हतं.